आपा, फोन चालू होता

माझ्या घरात पहिलं मरण तुझं झालं, आपा. घर माझं, देव्हारा माझा, स्वयंपाकघरामागची मोरी माझी, आणि गेलीस तू. मी तिथं नव्हते. नव्हते असंही सरळ म्हणता येत नाही. तेच तुला सांगायचंय. तुला ठाऊक असेल, तरी सांगायचंय.

इथं शेजारच्या लुपेबाईंनी विचारलं, गेली ती तुझी कोण? मी मनात नाती मोजली. बहीण नाही, नणंद नाही, जाऊ नाही. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, तीस वर्षं. याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात मला येत नाही. आपल्या भाषेत तरी कुठं येतं? समोरची, एवढंच. मी "एर्माना" म्हटलं, म्हणजे बहीण. त्यांनी फोनमधला तुझा फोटो बघितला, डोक्यावरून घट्ट ओढणी घेतलेला, आणि छातीवर क्रूस काढला. त्यांना वाटलं, माझी बहीण चर्चमधली सिस्टर होती. मी ते तसंच राहू दिलं. हसू आलं, आणि ते ऐकवायला तू नाहीस म्हणून रडू आलं. तू म्हणाली असतीस, "या अल्ला, मंदे, मला नन केलंस? आता नमाज कुठल्या तोंडानं पढू?"

सगळं तुझ्या देखत झालंय, पण मला पुन्हा ओळीनं लावू दे. माझ्या डोक्यात सध्या सगळं उलटंपालटं होतं.

आम्ही सचिनकडं कॅनडात होतो तेव्हा यांच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाला, वीस-बावीस तासांचं विमान यांना आता चालणार नाही, आणि इथली थंडी तर मुळीच नाही. सचिन म्हणाला, आई, इथले सगळे म्हातारे हिवाळ्यात मेक्सिकोला जातात, पाच तासांचा प्रवास, तळ्याकाठी छोटं घर भाड्यानं घेऊ. न्हावा शेव्याला जन्मभर ट्रेलर चालवलेला माणूस आणि सहावीत शाळा सुटलेली मी, गोऱ्या पेन्शनर लोकांबरोबर थंडी चुकवायला निघालो. उन्हाळा सचिनकडं, हिवाळा इथं. हा तिसरा हिवाळा.

तू फोनवर किती चिडली होतीस.

"थंडी चुकवायला मेक्सिको? का, पनवेलला बर्फ पडतो?"

"डॉक्टर नाय म्हनतो गं आपा, लांबचा प्रवास."

"डॉक्टर भावजींना नाही म्हणतो. तुला कोण नाही म्हणालं? तू ये. पंधरा दिवस ये."

"यांचं पथ्यपानी कोन बघील?"

"बघ, आलं पथ्य. तीस वर्षं बघतेय मी, तुला कुठं जायचं म्हटलं की भावजींचं पथ्य आडवं येतं. माहेरी जायचं तरी पथ्य, माझ्याबरोबर उरणला यायचं तरी पथ्य."

हे भांडण तीन वर्षं चाललं आणि अर्धंच राहिलं, कारण खरं उत्तर मी तुला दिलंच नाही. खरं उत्तर असं, आपा, की मला इथं आवडायला लागलं होतं. मी घाबरट आहे, तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी दाराबाहेर पडायला घाबरायची. मग एके दिवशी पिशवी घेऊन सोमवारच्या बाजारात गेले आणि माझ्या लक्षात आलं, की इथं मला कोणी ओळखत नाही. जासईच्या बाजूला आमचं गाव, जमीन बंदरात गेली तशी आम्ही पनवेलला आलो, पण गावात काय नि पनवेलला काय, मी कायम कोणाची तरी कोणीतरी. इथं मी फक्त साडी नेसलेली एक म्हातारी. सूनबाईशी पटतं का असं कोणी विचारत नाही. आपल्याकडचा बांधावरचा निवडुंग इथं काटे काढून भाजीला विकतात. भोपळ्याची फुलं जुडीनं मिळतात. मक्याच्या रोट्या थापणाऱ्या लुपेबाईंना मी तांदळाची भाकरी शिकवली. त्यांची दर वेळी फाटते, आणि दर वेळी त्या मला पिठाला दोष देऊन दाखवतात. यांनी चौकात डोमिनो खेळायला दोन गोरे दोस्त केलेत. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण हे ठणकावून सांगतात, "ए, आता माझी बारी हाय!" आणि ते गप्प ऐकतात.

हे सगळं मी तुला फोनवर दाखवलं. फक्त मी सुखात आहे, हे म्हटलं नाही. तू तिकडं माझ्या रिकाम्या घरात रोज दिवा लावत होतीस. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की आपा, मला घरची आठवण येईनाशी झालीय?

दिव्याचं तूच काढलं होतंस. मी फोनवर रडत होते, की घर बंद पडलं, देव अंधारात. तू म्हणालीस, "किल्ली माझ्याकडंच आहे ना? मी लावीन. पण आत्ताच सांगते, हात जोडणार नाही. चालेल तुझ्या देवाला?"

"त्याला अंधार चालत नाय. बाकी समदं चालतं."

खालच्या मजल्यावरचीनं नाक मुरडलं, तुझ्या भावानंही तुला टोकलं. तू दोघांनाही एकच सांगितलंस, "शेजारणीच्या घरात लाईट लावतेय. वीज नाही, तेल आहे, एवढंच."

आणि फोन चालू ठेवून द्यायची रीत, तीही तुझीच. तुझं लग्न झालं आणि तुझे मियाँ कुवेतला गेले, तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट पाठवायचे लोक. तू मला सांगितलं होतंस, पहिल्या कॅसेटमध्ये तू पाच मिनिटं बोललीस आणि बोलणं संपलं. पुढची पंचावन्न मिनिटं कशी भरायची? मग तू टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवलास आणि कामाला लागलीस. भांडी, पाटा, तान्ह्या नाझनीनचं रडणं, सासूचं खोकणं, दारावर मासेवालीची हाक. तिकडून उत्तर आलं, की बोलणं एकदाच ऐकलं, बाकीचं रोज ऐकतो, झोप लागते. तेव्हापासून तू दर महिन्याला घराचा आवाज भरून पाठवलास. मला म्हणायचीस, "बोलायचं संपतं गं मंदे. घराचा आवाज संपत नाही."

म्हणून आपणही तसंच केलं. तुझी मगरिबची नमाज झाली की पनवेलला साडेसहा, इथं सकाळचे सात. तुझ्याकडं सूर्य बुडलेला, माझ्याकडं अजून निघायचा. तू व्हिडिओ लावायचीस, फोन देव्हाऱ्यातल्या समईसमोर तांब्याला टेकवून ठेवायचीस, वात लावायचीस, आणि मग माझ्या घरात फिरायचीस. झाडांना पाणी, खिडक्या, मोरीतला ठिबकणारा नळ. मला दिसायची फक्त ज्योत. तू दिसायची नाहीस, ऐकू यायचीस. मी इथं चहा टाकायची, यांच्या गोळ्या काढायची. मधेच एखादं वाक्य. अर्धा तास, पाऊण तास. मग कोणीतरी म्हणायचं, ठेवते गं.

यंदा दिवाळीत मी एक चूक केली. ती तुला सांगितली होती, पण तेव्हा आपण हसलो होतो.

रांगोळी मिळाली नाही. बाजारात झेंडू मात्र ढिगानं होता, इतका की पूर्ण बाजार केशरी. मी टोपलीभर घेतला. तांदळाच्या पिठानं फाटकापासून घरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली आणि दोन्ही बाजूंनी झेंडूच्या पाकळ्या घातल्या, दारातून आत, थेट देवापर्यंत. छान दिसत होतं. लुपेबाई फाटकाशी आल्या आणि थांबल्या. हळू आवाजात विचारलं, कोणासाठी? मला तेवढं कळतं. मी म्हटलं, एका बाईसाठी. मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही, म्हणून मी नेहमीसारखी मान डोलावली. त्या घरी गेल्या आणि पाण्याचा पेला नि बशीत मीठ घेऊन आल्या. पाकळ्यांची वाट जिथं संपत होती तिथं ठेवलं आणि माझा हात दाबून गेल्या.

संध्याकाळी सचिनला फोटो पाठवला. तो म्हणाला, "आई, अगं हे काय केलंस? तिथं झेंडूची वाट मेलेल्या माणसाला घरी आणायला घालतात. लांबून येतात ते, तहान लागते, म्हणून पाणी."

मी केरसुणी घेऊन धावले. लुपेबाई भिंतीवरून बघत होत्या. त्या पळत आल्या आणि त्यांनी केरसुणी धरली. हातवारे करून, मग फोनमध्ये बोलून, तो फोन मला मराठीत वाचून दाखवत होता, त्यांनी सांगितलं: आता झाडू नको. जी निघाली असेल तिची वाट चुकेल.

मी तुला हे सांगितलं. तू पोट धरून हसलीस. "फुलांच्या वाटेला व्हिसा लागत नसेल तर मीच येते गं. नाहीतरी तू काही येत नाहीस."

"आपा, असं अभद्र बोलू नको."

"बरं, नाही बोलत. पाणी थंड ठेव म्हणजे झालं."

वाट आपोआप वाऱ्यानं गेली. चार दिवस लागले तिला जायला. पाकळ्या आधी सुकल्या, मग काळ्या झाल्या. दाराच्या आतल्या पाकळ्यांना मात्र वारा लागत नव्हता, त्या मलाच उचलाव्या लागल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती सकाळ.

सातला फोन वाजला. तुझा चेहरा दिसला, दमलेला. मी विचारलं, काय गं? तू म्हणालीस, जिना. तू समई लावलीस आणि म्हणालीस, "झालं. उजेड झाला." तुझी ओढणी ज्योतीसमोरून गेली आणि तू मोरीकडं गेलीस. नळाखाली लावलेली बादली ओतायला, रोजच्यासारखी.

मी चहा टाकला. यांचं ओट्सचं करून ठेवलं. तुला म्हटलं, "आपा, खिडकीतला मनीप्लांट फार वाढला असंल तर काप." उत्तर आलं नाही. त्यात काही नवल नव्हतं. बादली ओतताना तुला ऐकू येत नसे.

थोड्या वेळानं मी हाक मारली, "आपा!"

तिकडून आलं, "आले गं, आले."

आपा, हे शब्द मी तीस वर्षं ऐकलेत. दारातून, गच्चीतून, तुझ्या ओट्याजवळून. 'आले' लांबवून म्हणायची तुझी तऱ्हा, आणि शेवटी जरासा दम. तसंच होतं. मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

मी बोलत राहिले. लुपेबाईंचा गुडघा, सचिनचं नवं घर. ज्योत सरळ होती. मग हळूहळू मला जाणवलं, की ठिबकणाऱ्या नळाशिवाय काहीच ऐकू येत नाहीये. तुझ्या सपाता नाहीत, खिडकीची कडी नाही. थेंब तेवढा बादलीत पडतोय. मी पुन्हा हाक मारली, जरा जोरात.

"आले गं."

या वेळी इतकं जवळून, की मला वाटलं तू आता फोन उचलणार. हे टेबलावरून बघायला लागले.

"कोनाशी बोलतंस?"

"आपाशी."

"ती कुठं हाय?"

"मोरीत. आली बघा, येतेय म्हनाली."

हे फोनकडं बघत राहिले. "मला नाय आयकू आला काय," म्हणाले आणि ओट्सकडं वळले. यांना तसंही कमी ऐकू येतं.

बाहेर पाणीवाल्याची घंटा झाली. इथं प्यायचं पाणी मोठ्या बाटल्यांतून दारावर येतं, त्याला थांबवलं नाही तर दोन दिवस पाणी नाही. मी फोनला म्हटलं, "आपा, पानीवाला आला, ठेवते गं," आणि फोन ठेवला. तू येईपर्यंत थांबले नाही.

नाझनीनचा फोन आला तेव्हा मी पाण्याची बाटली पुसत होते. जासईच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसातून ती त्या दिवशीही ट्रॅफिकमध्ये अडकत आली. माझं दार उघडं, दिवा चालू, आणि तू मोरीच्या उंबऱ्यात.

"मावशी, अम्मी गेली."

मग रडणं. मग ती म्हणाली, तळमजल्यावरचे डॉक्टर आलेत, ते म्हणतात तिथल्या तिथं गेली, पडायच्या आधीच गेली असेल, हात केव्हाच गार पडलेत. दिवा लावला असेल आणि लगेच. मग तिनं विचारलं, "आज तुमच्याशी बोलली होती का?"

आपा, मी म्हटलं, "हो. दिवा लावला, उजेड झाला म्हनाली, आनि ठेवला फोन."

तुला त्याच रात्री मातीत ठेवलं. तिकडं रात्र होती, इथं अंगणात कडक ऊन. मी त्या उन्हात दोरीवरचे कपडे काढत होते, पुन्हा घालत होते.

त्यानंतर मला एकच गोष्ट दिसत राहिली. डॉक्टरचं खरं असेल, तर मी हाक मारली तेव्हा तू नव्हतीस. मग मला ओ कोणी दिली? आणि माझं खरं असेल, तू ओ दिली असशील, तर तू उंबऱ्यात पडून जिवंत होतीस. येते येते म्हणत होतीस आणि तुला उठता येत नव्हतं. आणि मी तुला गुडघ्याच्या गोष्टी सांगत होते. एक फोन खालच्या डॉक्टरला केला असता तर. दोन्हीतलं एक घ्यायचं म्हटलं तर कुठलं घेऊ? पहिल्यात मला भीती वाटते. दुसऱ्यात मी जगू शकत नाही. आणि दुसरं खरं असेल, तर ते नाझनीनला कळायला हवं, कारण आई तिची आहे. कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही. पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली. तुझी सांदणं आणि माझ्या भाकऱ्या एकाच ताटात खाल्ल्या तिनं. ती गेली तर पनवेलला माझं असं कोणी उरत नाही.

सात-आठ दिवस मी यांनाही काही बोलले नाही. मग हेच म्हणाले, "तू जाऊन ये. माझ्या गोल्या मला ठावं हायत. लुपेबाई हाय, दोस्त हायत. जा."

पथ्य आडवं आलं नाही, आपा. तीन वर्षं तू म्हणत होतीस ते इतकं सोपं होतं.

मी एकटी आले. दोन विमानं, एक मोठा मुक्काम. चाळिशीत तू मला ओट्यावर पीठ पसरून त्यात बोटानं ए बी सी डी काढायला लावलं होतंस, आठवतं? मी म्हणायची, आता या वयात काय करायचंय. तू म्हणायचीस, कधीतरी एकटी हरवशील तेव्हा लागेल. विमानतळावर प्रत्येक पाटीखाली उभी राहून मी एकेक अक्षर लावलं. गेट. डी. सतरा. दर वेळी बरोबर निघालं. दर वेळी मी तुझे आभार मानले, मनात. कोणी बघत नसेल तर तोंडानंही.

माझ्या घराची किल्ली माझ्याकडं नव्हती. नाझनीननं माझं दार मला उघडून दिलं. ती रोडावली आहे. तुझ्यानंतर दिवा तीच लावत होती, तुझ्यासारखाच, हात न जोडता. बाहेर मगरिबची अजान झाली, ती पलीकडं जाऊन नमाज पढून आली. तिनं समई लावली. आम्ही दोघी खाली बसलो. मोरी तिथून दिसते. नळ तिनं दुरुस्त करून घेतला होता.

मी म्हटलं, "नाझनीन, त्या दिवशी मी खोटं बोलले. फोन चालू होता."

ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. अडतीस मिनिटं. अम्मीच्या फोनमध्ये दिसतं ना."

"मग इचारलं का नाय?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते. नसतं सांगितलं, तर तुमचं तोंड बघितलं नसतं पुन्हा."

अगदी तुझ्यासारखं बोलली. सरळ, आवाज न चढवता. मग तिनं विचारलं, "अडतीस मिनिटं काय चाललं होतं?"

मी सगळं सांगितलं. चहा, गुडघा, पाणीवाला. आणि दोन हाका. आणि दोन्ही वेळा तू काय म्हणालीस ते. यांना ऐकू आलं नाही तेही सांगितलं. डॉक्टरचं खरं की माझं, मला माहीत नाही, म्हटलं, पण मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही.

मला वाटलं, आता उठेल आणि दार दाखवेल. दार माझंच आहे, तरी.

ती म्हणाली, "कसं म्हणाली? लांबवून?"

"हो. आनि शेवटी दम."

"मलाही येतो आवाज, मावशी."

"कवा?" मी विचारलं.

"कामावरून येते ना, जिना चढून वर आले की सवयीनं हाक मारते. अम्मी, दार. आणि आतून येतं, आले गं, आले. कधी आमच्या घरातून, कधी तुमच्या. रोज. मी उभी राहते, दार कोणी उघडत नाही, मग किल्ली काढते. मामूंना सांगितलं नाही. सांगितलं तर कुठला तरी झाड-फूकवाला आणतील आणि मला समोर बसवतील." तिनं नाक पुसलं. "मला वाटलं मी वेडी होतेय. म्हणून तर तुम्ही काय सांगताय त्याची वाट बघत होते."

बाहेर रिक्षा वाजत होत्या.

"मारून बघा हाक," ती म्हणाली. "तुम्ही. आत्ता. मला बघायचंय दोघींना येतं का."

मी उठले, आपा. मोरीकडं तोंड करून उभी राहिले. माझी किती इच्छा होती सांगू? तीन वर्षं तुझा खरा आवाज माझ्या कानावर पडला नव्हता, फोनमधून गाळून आलेला तेवढा. एक हाक, आणि तू बोलशील. आणि मी विचारून टाकीन, त्या दिवशी तू जिवंत होतीस का? माझ्या ओठांवर 'आ' आला होता.

आणि मला तू दिसलीस. मेलेली नव्हे, जिवंतच. गॅसवर सालन अर्धं, तशीच हात पुसत येतेस. गुडघे दुखतायत, कठड्याला धरून येतेस. रमजानात इफ्तारीचा खजूर तोंडात, तशी उठून येतेस, कारण समोरच्या दारात मी उभी, मला कसलातरी फॉर्म वाचता येत नाही. तीस वर्षांत सगळ्यांत जास्त हाका मीच मारल्या तुला. "थांब जरा" असं तू एकदाही म्हणाली नाहीस. तुला ते येतच नव्हतं. बोलावलं की उठायचं, एवढंच तुला येत होतं.

मी तोंड मिटलं.

"नको," मी नाझनीनला म्हटलं. "किती येला उठवायचं तिला? आपन हाक मारतो आनि ती उठते. गेली तरी उठते. ती जरा आडवी पडनार कवा मग?"

तेव्हा ती पोरगी रडली. मामूंची बायको नंतर म्हणाली, मय्यतीपासून पहिल्यांदाच रडली. माझ्या मांडीवर डोकं घालून, लहानपणी रडायची तशी. मधेच म्हणाली, "मग मी आले की दार कसं उघडू?"

"किल्लीनं उघड, बाय," मी म्हटलं. "हाक न मारता."

तुझ्या चाळिसाव्या दिवसापर्यंत मी राहिले. रोज संध्याकाळी जिन्यात तिची पावलं यायची. तिसऱ्या मजल्यावर थांबायची. मी माझ्या दारामागं श्वास धरून उभी. मग किल्लीचा आवाज. पहिले काही दिवस किल्ली यायच्या आधी बराच वेळ जायचा. शेवटी शेवटी कमी. ती मला काही सांगायची नाही, मी विचारायची नाही. निघताना तिनं माझी बॅग रिक्षात ठेवली आणि म्हणाली, पोचलात की फोन करा. एवढ्यावरून मी समजले, की तिनं मला ठेवून घेतलंय.

आता मी परत इथं आहे. सकाळचे सात वाजतात आणि माझ्या घशाशी तुझं नाव येतं, सवयच आहे. मी ते गिळते. यांना वाटतं मला बोलायचं नाहीये. बोलायचंय, आपा, फार बोलायचंय. मला इथं आवडतं हे सांगायचं होतं, मी एकटी विमानानं आले हे सांगायचं होतं, तू जिवंत होतीस की नाही हे तर मरेपर्यंत विचारायचं राहील. पण तोंडानं काही म्हटलं तर ती हाक होईल. म्हणून वहीत लिहिलं, माझ्या वाकड्या अक्षरात, आवाज न करता. याला ओ द्यायची नसते. तू पडून राहा. उठू नकोस, आपा.